सरकीचं सुवेर

पंडित गुरवानं सशिणीचे दिवस मोजले, ते कुणाला न सांगता मोजले. बीडच्या जनावरांच्या डॉक्टरनं एकतीस दिवस सांगितले होते, एखादा इकडंतिकडं. पंडितनं भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून चौकोनाचौकोनानं पुढं सरकत एकतिसावा दिवस गाठला, तर तो शुक्रवार निघाला. रविवारी महाशिवरात्र. त्यानं कॅलेंडर सरळ केलं आणि कोपऱ्यातल्या सशिणीकडं बघितलं, जणू हे सगळं तिनं मुद्दाम केलं असावं. सशीण गवत खात होती.

लिंबागणेशच्या रस्त्यावरून आत वळून आठ किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. गावातलं महादेवाचं देऊळ गुरवांच्या दोन घरांत वाटलेलं आहे. एक महिना पूजा पंडितकडं, पुढचा महिना त्याचा चुलतभाऊ बंकट याच्याकडं. ह्याला पाळी म्हणतात. शिवरात्रीची पाळी तेवढी वर्षाआड फिरते. दोघांच्या आजोबांनी सहा महिने एकमेकांशी न बोलता तसं ठरवलं होतं. यंदाची पंडितची. आणि नेमका यंदाच गावानं महादेवाला पितळी मुखवटा केला होता. तो पहिल्यांदा पिंडीवर चढवायचा आणि मग डोक्यावर घेऊन गावातून मिरवायचा मान पाळीवाल्याचा. पंधरा दिवसांपासून मुखवटा पंडितच्या घरी होता आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ चिंचेनं घासत होता. घासून घासून देवाचं नाक जरा बसकं झालंय, असं त्याच्या बायकोचं, साखराबाईचं मत होतं.

आता, घरात जन्म झाला की सुवेर लागतं आणि मरण झालं की सुतक. दोन्हींत देवाला शिवायचं नाही. गुरवाच्या घरात असं काही झालं तर पाळी भावकीकडं जाते आणि त्या वर्षीचं ते गेलं ते गेलं. सशीण व्याली तर सुवेर लागतं का, हा प्रश्न गावात आजवर कुणाला पडला नव्हता. तो पहिल्यांदा पंडितला पडला, आणि शहाण्या माणसासारखं त्यानं तो कुणालाच विचारला नाही.

सशिणीचं नाव सरकी. रंग सरकीसारखाच, करडा. ती प्रियदर्शनीची, म्हणजे पंडितच्या एकुलत्या एका लेकीची. प्रियदर्शनी बीडला असते. तिचा नवरा हनुमान एका कोचिंग क्लासच्या हापिसात आहे. त्यांच्या शेजारी चाँद फळवाला राहतो. चाँदच्या मुलीकडं, अलमासकडं, नवाब नावाचा, बोका वाटावा इतका लठ्ठ ससा आहे. नवाब आणि सरकी यांचं व्हायचं ते झालं. मग खालच्या मजल्यावर फरशी कापायचं काम निघालं. डॉक्टर म्हणाले, गाभण सशिणीला आवाज सोसत नाही, घाबरली तर पिलांकडं बघत नाही, एखादी पिलं खाऊनही टाकते. म्हणून प्रियदर्शनी सरकीला टोपलीत घालून एसटीनं गावाकडं आली. चाँदनं फळांचं एक लाकडी खोकं दिलं, वर रोज फोन करायला सुरुवात केली. "हमारी बहू ने खाना खाया क्या?" असं तो गंभीरपणे विचारायचा, आणि साखराबाई तितक्याच गंभीरपणे व्याह्यांना खुशाली कळवायची.

पहिल्या दिवशी टोपली दारात उतरवून घेताना साखराबाई म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय." म्हणाली आणि टोपली घेऊन घाईनं आत गेली. प्रियदर्शनी चपला काढत होती, तिला त्या काढायला फार वेळ लागला. दोन वर्षांपूर्वी ती स्वतः पोटुशी होती. सातव्या महिन्यात बीडच्या दवाखान्यात तिला मेलेलं मूल झालं. डोहाळजेवणासाठी आणलेली हिरवी साडी ट्रंकेत होती, ती घडी न मोडता अजून तिथंच आहे. ह्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. बोलायचं नाही असं कुणी ठरवलंही नव्हतं.

सरकीची बडदास्त मात्र जोरात सुरू झाली. खोक्यात मऊ गवत, दोन वेळा ताजं पाणी, शेपूची जुडी, उचलायचं नाही, दचकवायचं नाही, मुलांना दाखवायचं नाही. प्रियदर्शनीनं हे सगळं कागदावर लिहून दाराला लावलं. साखराबाईनं कागद वाचला आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. सरकीनं लाडू हुंगून पाठ फिरवली. त्याऐवजी तिनं शिवरात्रीसाठी निवडून ठेवलेल्या टोपलीतली अकरा बेलाची पानं खाल्ली. पंडितनं ती मोजून ठेवली होती, म्हणून अकरा हे कळलं.

"देवाचं खाल्लं म्हंजी चांगलंच," साखराबाई म्हणाली.

"गाभन जनावर हाय ते," पंडित म्हणाला. "काय बी खातंय."

"गाभन काय म्हनता. दिवस गेलेत तिला."

शिवरात्रीला बारा दिवस असताना, मंगळवारी साखराबाईनं सरकीचं डोहाळजेवण केलं. नवऱ्याला विचारून केलं असतं तर झालं नसतं, म्हणून न विचारता केलं. शेजारची सुभद्राबाई आली, बंकटची बायको बायनाबाई आली, आणखी तिघी आल्या. पाटावर टोपली, टोपलीत हिरव्या खणावर सरकी. कानांमागं शेवंतीची फुलं लावली, ती तिनं एकेक करून खाल्ली. ओटीचा नारळ तिच्याएवढाच होता. मग दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशी बाई पेढ्याची वाटी उघडते तर मुलगा, बर्फीची उघडते तर मुलगी. सरकीनं दोन्ही वाट्या उलथवल्या आणि त्यांच्यावर बसली. बायका हसल्या. त्यात प्रियदर्शनीही हसली, मोठ्यानं, अगदी डोळ्यांना पदर लावून. ओट्यावर बसलेल्या पंडितला तो आवाज ओळखायला क्षणभर लागला, कारण दोन वर्षांत तो ऐकला नव्हता. त्याला फार बरं वाटलं, आणि आता काय करावं हे न कळून तो उठून देवळात झाडू मारायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकट आला. बंकट वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त मुखवटा डोक्यावर घ्यायचा होता.

"दादा, वहिनीनं ओटी भरली म्हनं."

"बायका हायत. करमत न्हाई."

"झालंच की मग. पन म्हनलं इचारावं. शिवरात्र आलीय तोंडावर. सुवेराचं काय करायचं?"

"कशाचं सुवेर बे? मांजर व्याली तर सुवेर धरतो का तू?"

"मांजराची ओटी आजून कुणी भरली न्हाई," बंकट म्हणाला. "तितं माजी बायको जेवून आली. पुरनाच्या दोन पोळ्या खाल्ल्या. उद्या गाव म्हनंल, जेवाया बोलवताना लेक, आन् देवाला शिवताना जनावर. मला काय न्हाई, मी आपलं गावाचं सांगतो."

असं अडलं की आमच्याकडं माणसं आश्रुबाकाकांकडं जातात. आश्रुबाकाका ऐंशीच्या पुढचे. मुहूर्त, सुतक, नवस, सगळ्याचे जाणते. त्यांनी पारावर दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. गाय व्याली तर घराला काही लागत नाही, दूध तेवढं दहा दिवस देवाला चालत नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. पंडितच्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारलं, "नवरा कुटं आसतो तिचा?"

"बीडला. चाँद फळवाल्याच्या घरी."

"म्हंजी दिलेली हाय."

"दिलेली म्हंजी, काका..."

"ओटी भरली का न्हाई?"

"भरली."

"मंग लेक झाली. दिलेली लेक माहेरी बाळंत झाली तर माहेराला तीन दिवस. धा न्हाईत. तीन." एवढं बोलून काकांनी काठी उचलली. बंकटनं त्यांना हात दिला, जरा जास्तच आदरानं.

पंडितनं घरी येऊन पुन्हा कॅलेंडर गाठलं. पुढच्या गुरुवारपर्यंत व्याली तर शनिवारी फिटतं, रविवार मोकळा. रविवारची पूजा उरकल्यावर व्याली तर प्रश्नच नाही. मधले दोन दिवस तेवढे वाईट, आणि डॉक्टरचा शुक्रवार त्या दोन दिवसांतला. त्यानं गुपचूप डॉक्टरांना फोन लावला आणि लवकर होण्यासाठी काही औषध असतं का विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. मग थोडं उशिरा होण्यासाठी असतं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा फोन कट झाला.

तेव्हापासून सरकीची सेवा पंडितनं अंगावर घेतली. बांधावरचा लसूणघास स्वतः कापून आणला, दव वाळवून दिला. गल्लीतलं कुत्रं हाकललं. मंडपवाल्यानं देवळावर भोंगा चढवला, तर ह्यानं शिडीवर चढून त्याचं तोंड घराकडून शेताकडं वळवलं. जाता-येता तो खोक्यापाशी उकिडवा बसायचा आणि सरकीच्या पोटाकडं बघत राहायचा. सुरुवातीला बघणं तारखेसाठी होतं. पुढं पुढं ती त्याच्या बोटाला नाक लावू लागली, आणि तो तारखेशिवायही बसू लागला.

शिवरात्रीच्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी साखराबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लेकीच्या वक्ती येवडे दिवस मोजले न्हाईत तुमी."

पंडितनं सरकीचं पाणी बदललं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून फोन आला, तो शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आला होता. तेव्हाही पाळी त्याचीच होती. साखराबाई जावयाबरोबर दवाखान्यात होती. हा गावात समया घासत होता. त्यानं कुणाला विचारलं नाही. जे जिवंत आलंच नाही त्याचं सुवेर कसलं, आणि जे जगलंच नाही त्याचं सुतक कसलं, असं त्यानं स्वतःशीच ठरवलं, आणि पहाटे आंघोळ करून पिंडीला पहिला अभिषेक घातला. गावाला चार दिवसांनी कळवलं, तारीख पुढं ढकलून. बीडला तो त्यानंतरच गेला. प्रियदर्शनीनं त्याला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर द्यायला उत्तर तयार होतं. दोन वर्षं तो ते उत्तर जवळ बाळगून होता.

गुरुवारी सरकीनं छातीचे केस उपटायला सुरुवात केली. साखराबाई घाबरली, तिला खरूज वाटली.

"न्हाई आई," प्रियदर्शनी म्हणाली. "पिलांना आंथरूण करतीय. आपल्याच केसांचं."

ती खोक्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. सरकी तोंडात केसांचा पुंजका धरून कोपऱ्यात नेत होती, रचत होती, परत येऊन पुन्हा उपटत होती. प्रियदर्शनी बराच वेळ ते बघत होती. गुरुवार असाच गेला. शुक्रवारही गेला, सरकीनं नुसती शेपू खाल्ली. पंडितला आशा वाटायला लागली. आता दोन दिवस दम धर म्हणावं, असं तो खोक्यापाशी बसून तिला हळूच सांगून आला.

शनिवारी उजाडता उजाडता तो देवळाचं पाणी भरायला उठला आणि सवयीनं आधी खोक्याकडं गेला. सरकी एका बाजूला बसून पाय चाटत होती. कोपऱ्यातला केसांचा ढीग हलत होता.

तो तसाच उभा राहिला. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. डॉक्टरनंच सांगितलं होतं, खोक्यात हात घालू नका, गर्दी करू नका. केसांखाली काय आहे हे सोमवारपर्यंत कुणाला कळलं नसतं, आणि सोमवारी कळलं असतं तर सोमवारी व्याली म्हणायला कुणाचं काय जात होतं? हे एकदा जमलेलं होतं, तेव्हा दुसऱ्यांदा फार विचार करावा लागला नाही. त्यानं कोपऱ्यातलं पोतं उचलून खोक्यावर टाकलं आणि वळला, तर दारात प्रियदर्शनी उभी.

तिनं पोतं काढलं, हात धुतले, खोक्यातलंच गवत हातांना चोळलं, पिलांना माणसाचा वास लागू नये म्हणून, आणि दोन बोटांनी केस बाजूला केले. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली पिलं, अंगठ्याएवढी. ती मोजत होती. पाच वळवळत होती. सहावं तिनं तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं, तोंडाजवळ नेऊन त्याला ऊब दिली. ते गारच राहिलं.

"हे मेलेलंच आलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले, आसं आसलं तर लगेच काढायचं." तिनं ओटीच्या हिरव्या खणाचा एक कोपरा फाडला आणि त्यात ते गुंडाळलं. मग चहात साखर किती विचारावी तशा आवाजात तिनं विचारलं, "अप्पा, कुनी इचारलं तर किती सांगू? पाच का सहा?"

पंडितचं उत्तर दोन वर्षं तयार होतं आणि ते नेमकं ह्याच प्रश्नाचं होतं. ते बाहेर येईना. त्याला लाज वाटली, अशी की लेकीच्या तोंडाकडं बघवेना. आपण पोतं टाकलं ते हिनं पाहिलं, आणि दोन वर्षांपूर्वीचं तर ही रोज बघत आली असेल, हे त्याला तेव्हा कळलं.

"सहा," तो म्हणाला.

मागं जास्वंदीखाली त्यानं स्वतः टिकावानं खड्डा घेतला. एवढ्याशा जिवाला लागतो त्याच्या चौपट खोल घेतला. प्रियदर्शनीनं पिलू ठेवलं, माती त्यानं लोटली. मग तो पाण्याच्या कळशीला हात न लावता बंकटच्या घरी गेला आणि अंगणाबाहेरच थांबला.

बंकट दात घासत होता. "या की दादा, आत या."

"येत न्हाई. सुवेर हाय."

बंकटनं चूळ भरली. आनंद लपवायला चूळ बरी पडते. "कवा?"

"आत्ता, सकाळी. मुखवटा तू येऊन ने. आता मला शिवता येत न्हाई."

"नेतो की. सोमवारपत्तुर तर हाय, मंगळवारी तुमी मोकळे."

"मी धा दिवस धरनार हाय."

"काका तर तीनच म्हनले."

"तीन सरकीचे. बाकीचे मागचे, राहून गेलेले."

"मागचे कोनते?"

पंडितनं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, कुठला दिवस होता ते सांगितलं, आणि त्या हातांनी अभिषेक घातला हेही सांगितलं. ह्यावर बंकटला पुष्कळ बोलता आलं असतं. गाव गोळा करता आलं असतं, पंडितची पुढची पाळीही मागता आली असती. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर वाद घातलेला तो माणूस हातात तांब्या घेऊन उभा राहिला.

"मुखवटा घेऊन जातो," शेवटी तो म्हणाला. आणि पंडित वळल्यावर मागून म्हणाला, "भोंगा शेताकडंच ऱ्हाऊ देतो, दादा."

रविवारी गाव देवळाकडं लोटलं. बंकटच्या डोक्यावर मुखवटा दारावरून गेला तेव्हा पंडितनं ओट्यावरूनच हात जोडले. नाक खरंच जरा बसकं दिसत होतं. घंटा वाजत राहिली. प्रत्येक घंटेला त्याचे पाय उठायला बघत आणि तो ते खाली दाबून धरी. त्याला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. मुखवटा पुन्हा पहिल्यांदा चढणार नव्हता.

आत साखराबाई सरकीवर तोंडसुख घेत होती. "काय आई म्हनावं. दिसातून एकदा पाजती, आन् लांब जाऊन बसती. इचारपूस न्हाई पिलांची." पण पाचही पिलांची पोटं टम्म होती, आणि चाँदनं फोनवर विहीणबाईंना पाच मुबारक दिली होती. साखराबाईनं "सहा झाली, एक गेलं" म्हणून दुरुस्त केलं, तेव्हा तो "अल्ला की चीज थी" म्हणाला.

प्रियदर्शनी दोन कप चहा घेऊन बाहेर आली आणि बापाशेजारी ओट्यावर बसली. दोघं रस्त्याकडं बघत चहा प्याले. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, "मुलगी होती, अप्पा."

पंडितनं कप खाली ठेवला.

"तुमी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई इचारलं."

तो तिच्याजवळ सरकून बसला. तीही उठली नाही. शेजारची सुभद्राबाई नैवेद्याचं ताट घेऊन देवळाकडं निघाली होती, ती ओट्यापाशी थांबली.

"पंडित, तू हितं कावून? तुजी पाळी हाय ना?"

"सुवेर हाय, आक्का."

"त्या सशिणीचं?" सुभद्राबाईला हसू आलं. "तिचं काय धरून बसलास बाबा."

"न्हाई," पंडित म्हणाला. "नातीचं."

सुभद्राबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग प्रियदर्शनीकडं बघितलं. ती कपात बघत होती. म्हातारीनं ताट दुसऱ्या हातात घेतलं, पदर आवरून घेतला, आणि सुवेराच्या घरापासून माणसं सरतात तशी, शिवाशीव होऊ नये म्हणून, दोन पावलं मागं सरली. मग लांबून वळसा घालून ती देवळाकडं गेली.